बोर्ड देशी लावू की परदेशी? दोन चेनच्या ओढाताणीतल्या हॉटेलमालकाला उत्तर

पत्र: आमचं ९० खोल्यांचं हॉटेल गेली ११ वर्षं आमच्याच नावाने चालू आहे. शहर झपाट्याने वाढतंय, नवी हॉटेलं उभी राहताहेत. आता दोन चेन दारात आल्या आहेत. परदेशी चेन २० वर्षांची फ्रँचायझी देते (नाव त्यांचं, हॉटेल चालवणार आम्ही), देशी चेन १२ वर्षांची. हवं तर देशी चेन हॉटेल चालवायलाही घेईल. धाकटा भाऊ म्हणतो, परदेशी बोर्ड लागला की भाव आपोआप वाढेल. मला वाटतं, देशी लोक निदान फोन तरी उचलतील. परदेशी चेनने इरादापत्रावर ३ आठवड्यांत सही मागितली आहे. काय करावं?

उत्तर:

नमस्कार. सगळ्यात आधी त्या ३ आठवड्यांबद्दल. ती मुदत तुमच्या हॉटेलची निकड नाही, त्यांच्या तिमाहीच्या आकड्यांची आहे. १९९३ मध्ये मॅरियट या अमेरिकी चेनने स्वतःचे दोन भाग केले: इमारतींची मालकी एका कंपनीकडे आणि व्यवस्थापन, फ्रँचायझी दुसरीकडे. पुढे बाकीच्या मोठ्या चेनही त्याच वाटेने गेल्या. आज त्यांची वाढ मोजली जाते ती वर्षात किती नव्या खोल्या जोडल्या यावर. इमारत तुमची, कर्ज तुमचं, पगार तुमचे. त्यांचं नाव, त्यांची आरक्षण यंत्रणा आणि त्यांची फी. वाढत्या बाजारात जमीन घेण्यापासून नवं हॉटेल उघडेपर्यंत ३-४ वर्षं सहज जातात, तुमच्यासारखं चालतं हॉटेल मात्र वर्षभरात ब्रँडखाली येऊ शकतं. म्हणून दोघंही तुमच्या दारात आहेत. आज तुमचं पारडं जड आहे आणि ते सही होईपर्यंतच जड राहील. तेव्हा घासाघीस आत्ताच करायची.

भावाचं म्हणणं आणि तुमचं म्हणणं, दोन्हींत तथ्य आहे. पण निर्णय त्यावर होत नाही. पाहुणा कुठून येतो, खोली कोण बुक करतं आणि तो पाहुणा यांच्यापैकी कोण जास्त आणू शकतं, यावर तो होतो. याचं उत्तर तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये आहे, फक्त ते नीट काढावं लागेल.

फ्रंट ऑफिसच्या सॉफ्टवेअरमधून मागच्या पूर्ण १२ महिन्यांचं प्रत्येक बुकिंग एका शीटमध्ये घ्या. रकाने इतके पुरेत: पाहुण्याचं शहर आणि देश, बुकिंग कुठून आलं (ओटीए म्हणजे बुकिंगच्या वेबसाइट आणि अॅप, कंपनी, ट्रॅव्हल एजंट, स्वतःची वेबसाइट, फोन, लग्न किंवा ग्रुप), बिल कुणी भरलं, किती रात्री, कोणत्या दराने, किती दिवस आधी बुक केलं. मग रकान्यांनुसार बेरजा करा. इथे एक चूक हमखास सापडते. घाईच्या वेळी काउंटरवरची मुलं ओटीएवरून आलेलं बुकिंगही ‘वॉक-इन’ म्हणून चढवतात, कारण तो पर्याय यादीत पहिला असतो. कंपनीचा माणूस एजंटमार्फत आला तर तो एजंटच्या नावावर जातो. म्हणून शीट तशीच खरी मानू नका. ओटीएंनी वर्षभरात लावलेल्या कमिशनच्या बिलांवरून त्यांच्या रात्री वेगळ्या मोजा आणि दोन आकडे जुळवून पाहा. फरक मोठा निघाला तर आधी शीट दुरुस्त करा. एका माणसाचं साधारण आठवडाभराचं काम आहे, पण ते झाल्याशिवाय कुठल्याही चेनशी बोलायला बसू नका.

आता चित्र वाचायला सोपं होतं. बाहेरच्या देशांतून येणारे पाहुणे आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांची माणसं मिळून तुमच्या रात्रींचा मोठा हिस्सा असेल, किंवा शहरात तसे उद्योग प्रत्यक्ष सुरू झाले असतील (घोषणा झाल्या असतील एवढं पुरत नाही), तर परदेशी चेनचं नाव खरोखर काम करतं. त्यांच्या लॉयल्टी कार्यक्रमांत, म्हणजे राहिल्याबद्दल गुण देणाऱ्या सभासद योजनांत, सभासद प्रचंड आहेत. मॅरियट बॉनव्हॉयचे जगभरात २० कोटींहून जास्त. पण तुम्ही विचारायचं ते वेगळंच: तुमच्या गिऱ्हाइकांच्या पहिल्या १० शहरांत यांचे चालू सभासद किती? मागच्या वर्षात निदान एक रात्र राहिलेले, तेच चालू. हा आकडा त्यांच्याकडे असतो. द्यायला टाळाटाळ झाली तर समजून घ्या.

देशी चेनची ताकद वेगळ्या जागी असते. मध्यम कंपन्या, सरकारी कार्यालयं, लग्नं, प्रशिक्षण शिबिरं, कुटुंबं. हे धंदे अॅपवरून फारसे येत नाहीत, ते सेल्सच्या माणसांच्या ओळखीवर येतात. म्हणून त्यांना विचारा: कोणत्या शहरांत तुमचं सेल्स ऑफिस आहे, तिथे माणसं किती आणि एकेका माणसाच्या गळ्यात किती हॉटेलं बांधली आहेत? एकाच माणसाकडे २५ हॉटेलं असतील तर तुमच्या ९० खोल्यांची पाळी क्वचितच येईल. झपाट्याने पसरणाऱ्या देशी चेनचं हे खरं दुखणं आहे. सह्या भराभर होतात, सेल्सची फळी आणि तयार जनरल मॅनेजर तितक्या वेगाने तयार होत नाहीत.

आता हिशेब. आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी धरले आहेत, तुमचे घालून पुन्हा करा. आजचं सरासरी खोलीभाडं १०० धरू आणि ऑक्युपन्सी, म्हणजे भरलेल्या खोल्यांचं प्रमाण, ६२ टक्के. म्हणजे रेव्हपार, खोलीमागे रोजचा महसूल, ६२. भरलेल्या खोलीवर धुलाई, साबण, वीज, हाउसकीपिंग असा खर्च १८ धरला तर हातात ५०.८ उरतात.

परदेशी बोर्डाखाली ऑक्युपन्सी ७० आणि भाडं ११२ झालं तर रेव्हपार ७८.४. त्यांची फी एका आकड्यात कधीच नसते. खोल्यांच्या महसुलावर रॉयल्टी साधारण ४ ते ६ टक्के, मार्केटिंग आणि आरक्षणासाठी २ ते ४ टक्के, लॉयल्टी सभासदांच्या बिलावर आणखी ४-५ टक्के, शिवाय दर बुकिंगमागे शुल्क आणि दरमहा सॉफ्टवेअरचं बिल. सगळं मिळून १२ टक्के धरा. ते गेल्यावर ६९. त्यांच्या मानकांमुळे भरलेल्या खोलीचा खर्च १८ वरून २० वर जातो. उरले ५५.

देशी बोर्डाखाली ऑक्युपन्सी ६९, भाडं १०४, रेव्हपार जेमतेम ७१.८. फी ७ टक्के, खर्च १८ च. उरले ५४.३.

म्हणजे रेव्हपारमध्ये साडेसहाची आघाडी आणि हातात पाऊणही नाही. ९० खोल्यांच्या वर्षाला ३२,८५० खोली-रात्री होतात. त्यावर हा फरक साधारण २२,००० एककं, म्हणजे तुमच्या आजच्या दराने २२० रात्रींचं भाडं. आता परदेशी चेनने सांगितलेली दुरुस्ती देशी चेनपेक्षा खोलीमागे १५ रात्रींच्या भाड्याइतकी महाग पडली, तर ९० खोल्यांचे १,३५,००० होतात. ते वसूल व्हायला ६ वर्षांहून थोडं जास्त लागतं, आणि ६-७ वर्षांनी गालिचे, पडदे, सोफ्यांची कापडं बदलायची वेळ येतेच.

पण थांबा. हेच भाडं ११२ ऐवजी ११६ मिळालं तर हातात ५७.५ उरतात आणि जादा खर्च साधारण १६ महिन्यांत वसूल होतो. १०८ च मिळालं तर ५२.५, देशीपेक्षा कमी. सगळा निर्णय १०८ आणि ११६ यांच्यामधल्या पट्टीवर उभा आहे. ‘भाव आपोआप वाढेल’ या वाक्यावर म्हणूनच विसंबू नका. भावाला सांगा, चेनने दिलेल्या अंदाजपत्रकातलं भाडं ४ टक्क्यांनी आणि ऑक्युपन्सी ५ अंकांनी कमी करून हिशेब पुन्हा मांड. तरीही कर्जाचा हप्ता निघत असेल तरच पुढे जा. आणि त्यांच्या अंदाजपत्रकातलं पहिलं वर्ष जरा संशयानेच बघा. मोठ्या कंपन्या पुढच्या वर्षाचे दर साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या दरम्यान ठरवतात. तुमचं हॉटेल जानेवारीत ब्रँडखाली आलं, तर ती यादी आधीच बंद झालेली असते आणि ते अख्खं वर्ष कंपन्यांचं काम तुटपुंजंच मिळतं. बोर्ड लावायचा महिना यावरून ठरवा.

दुरुस्तीबद्दल सविस्तर लिहितो, कारण मालकांचा पैसा बुडतो तो इथे. चेन तुम्हाला पीआयपी देईल, म्हणजे ब्रँडच्या मानकांत बसण्यासाठी करायच्या कामांची यादी. गाद्या, इलेक्ट्रॉनिक कुलपं, जाड पडदे, पलंगाशेजारी प्लग, वायफायची यंत्रं ही कामं महाग असली तरी त्यांचा अंदाज नीट बांधता येतो. अंदाज कोसळतो तो आगीपासून संरक्षणाच्या कामांत. परदेशी चेनची मानकं कित्येकदा स्थानिक कायद्याहून कडक असतात. ११ वर्षांच्या इमारतीत कॉरिडॉरमध्ये स्प्रिंकलर नसतील तर नुसता पाइप टाकून भागत नाही. पाइपसाठी फॉल्स सीलिंग खाली आणावं लागतं. तिथे एसीची डक्ट आडवी येते, ती सरकवावी लागते. पाण्याची वेगळी टाकी आणि पंप हवा, त्याला जागा लागते, ती बहुधा पार्किंगमधून जाते. खोलीच्या दारांना आग थोपवणारे पल्ले आणि आपोआप मिटणारे क्लोजर लागतात, मग जुन्या चौकटी चालत नाहीत. यादीत मात्र हे सगळं एका ओळीत असतं: ‘अग्निसुरक्षा मानकांप्रमाणे’.

म्हणून इरादापत्राच्या आधीच पीआयपी लेखी मागा आणि स्वतःचा एमईपी सल्लागार (एसी, वीज, पाण्याच्या कामांचा जाणकार) त्यावर बसवा. प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक शब्द लिहून घ्या: उघडण्याआधी, १२ महिन्यांत, किंवा पुढच्या नूतनीकरणात. जेवढी कामं तिसऱ्या रकान्यात ढकलता येतील तेवढी ढकला, अग्निसुरक्षा सोडून. तिथे कसूर करायची नाही. एक नमुना खोली आधी करून तिच्यावर चेनची लेखी संमती घ्या, मग बाकीच्या ८९ खोल्यांची ऑर्डर द्या. संमतीआधी ऑर्डर दिली आणि डोक्याकडचा पॅनेल ४ सेंटिमीटरने नापास झाला, तर भुर्दंड तुम्हालाच. काम १५-१५ खोल्यांच्या तुकड्यांत घ्या. एका तुकडीला ६ आठवडे धरले तर ९० खोल्यांना ३६ आठवडे लागतील, आणि ड्रिलच्या आवाजामुळे वरखालचे मजलेही दिवसा विकता येणार नाहीत. तो बुडालेला महसूलही खर्चात धरा. आकस्मिक खर्चासाठी १० ते १५ टक्के वेगळे ठेवा.

आता करार. सगळी कलमं वकील पाहील, पण काही मुद्दे धंद्याचे आहेत, ते तुम्हीच लढायचे.

पहिला, क्षेत्र संरक्षण. वाढत्या शहरात याहून महत्त्वाचं कलम नाही. चेन म्हणेल, ‘हा ब्रँड तुमच्या हद्दीत दुसऱ्याला देणार नाही.’ हा ब्रँड! पण त्यांच्याकडे ब्रँड डझनांनी असतात. २०१६ मध्ये मॅरियटने स्टारवुड ही दुसरी मोठी चेन विकत घेतली आणि एका छताखाली ३० ब्रँड आले; कालपर्यंत समोरच्या रस्त्यावर स्पर्धक असलेली हॉटेलं एका रात्रीत एकाच कंपनीत भाऊबंद झाली. म्हणून संरक्षण ब्रँडच्या नावावर मागू नका. तुमच्या दरपट्टीतल्या त्यांच्या सगळ्या ब्रँडांना, पुढे विकत घेतले जाणारे ब्रँड धरून, ते लागू व्हावं अशी मागणी ठेवा. हद्द नकाशावर आखून कराराला जोडा. ‘शहरात’ हा शब्द नको, वाढत्या शहराची हद्द दर काही वर्षांनी सरकते. पूर्ण २० वर्षं ते देणार नाहीत. ५ ते ७ वर्षांवर तडजोड होऊ शकते. विकत घेतलेल्या ब्रँडांवर ते बहुधा अडून बसतील. तसं झालं तर बदल्यात रॉयल्टीत कपात मागा. देशी चेनकडूनही हेच घ्या, ‘आपलीच माणसं आहेत’ म्हणून सोडू नका.

दुसरा, नावाचा मालक बदलला तर काय? १२ काय किंवा २० वर्षं काय, एवढ्या काळात बरंच घडतं. चीनच्या जिन जियांगने २०१५ मध्ये फ्रान्सचा लूव्र हॉटेल्स समूह घेतला आणि २०१८ मध्ये तिच्या पुढाकाराने रॅडिसन समूह. पुढे २०२२ मध्ये अमेरिका खंडातला रॅडिसनचा धंदा चॉइस हॉटेल्सने घेतला. एकच नाव, पण जगाच्या दोन भागांत दोन वेगळे मालक आणि आता लॉयल्टी कार्यक्रमही वेगळे. मालकी बदलली, ब्रँड विकला गेला किंवा लॉयल्टी कार्यक्रम बंद झाला, तर दंड न भरता बाहेर पडायची मुभा लिहून घ्या. त्यातून हेही दिसतं की देशी आणि परदेशी ही रेघ आता पूर्वीसारखी ठळक नाही. चीनमध्ये फ्रान्सच्या अॅकोरचे इबिस, मर्क्युअर यांसारखे ब्रँड २०१६ पासून तिथल्याच हुआझू समूहाकडे आहेत. तुमच्या परदेशी चेनलाही स्पष्ट विचारा: ब्रँड तुम्ही स्वतः चालवता की मास्टर फ्रँचायझी, म्हणजे देशभर तो ब्रँड वाटण्याचा हक्क, इथल्या कुणाला दिली आहे? दिली असेल तर करार कुणाशी, तपासणीला कोण येणार आणि आरक्षण यंत्रणा कुणाची?

तिसरा, बाहेर पडण्याचा रस्ता. अमुक इतका धंदा दिला नाही तर करार मोडता येईल, ही कामगिरीची अट व्यवस्थापन करारात मिळते. फ्रँचायझीत सहज मिळत नाही, कारण हॉटेल तुम्ही चालवता. मग तिथे ठरावीक वर्षी, म्हणजे पाचव्या, दहाव्या, पंधराव्या वर्षाच्या शेवटी, ठरलेली रक्कम भरून सुटता येईल असं कलम मागा. ती रक्कम दर वर्षी कमी होत गेली पाहिजे. चेन ‘की मनी’ देऊ करत असेल, म्हणजे सहीच्या बदल्यात रोख, तर ती बक्षिशी समजू नका. मध्येच बाहेर पडलात तर उरलेल्या वर्षांच्या प्रमाणात परत द्यावी लागते, कधी व्याजासकट. मोठी की मनी म्हणजे बहुधा लांब करार आणि चढी फी.

लॉयल्टीच्या फुकट रात्रींचा मोबदलाही वाचून घ्या. सभासद गुण वापरून राहतो तेव्हा बहुतेक कार्यक्रम हॉटेलला बाजारभावाहून बरीच कमी रक्कम देतात, आणि हॉटेल जवळपास भरलेलं असेल त्या रात्रीच पूर्ण भावाच्या आसपास. तुमच्याकडे लग्नसराईत गर्दी आणि एरवी मोकळं असं असेल तर हा खर्च वर्षाअखेरीस जाणवतो.

देशी चेन ‘आम्हीच चालवू’ म्हणते आहे, त्याबद्दल माझं मत थोडं वेगळं पडेल. ११ वर्षं तुम्ही हॉटेल स्वतः चालवलं आहे. तुमच्याकडे चांगला जनरल मॅनेजर असेल तर फ्रँचायझीच घ्या. व्यवस्थापन करारात एकूण महसुलावर २-३ टक्के मूळ फी आणि जीओपीवर, म्हणजे चालवण्याचा खर्च वजा जाऊन उरलेल्या नफ्यावर, साधारण ६ ते १० टक्के प्रोत्साहन फी जाते. मार्केटिंग आणि आरक्षणाचा वाटा वेगळाच. शिवाय रोजच्या कारभारातला तुमचा हात निघतो. द्यायचंच असेल तर तीन गोष्टींवर अडून राहा: जनरल मॅनेजर आणि हिशेबप्रमुख तुमच्या संमतीशिवाय नेमायचे नाहीत, वार्षिक बजेट तुमच्या मंजुरीशिवाय लागू नाही, आणि तिसऱ्या वर्षापासून सलग २ वर्षं रेव्हपार स्पर्धक हॉटेलांच्या सरासरीच्या ९० टक्क्यांखाली किंवा जीओपी बजेटच्या ८५ टक्क्यांखाली राहिला तर करार संपवण्याचा हक्क तुमचा. चेन ‘दोन्ही अटी एकदम चुकल्या तरच’ असं लिहू बघेल. ‘दोहोंपैकी एक’ मिळतं का पाहा. स्पर्धक हॉटेलांची यादी करारात नावानिशी असू द्या, नाहीतर पुढे सोयीची हॉटेलं त्यात शिरतात.

बोर्ड कोणाचाही लावा, फर्निचर आणि यंत्रांच्या नूतनीकरणासाठी महसुलाच्या ४ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी लागेल. पहिल्या वर्षी २, दुसऱ्या वर्षी ३, मग ४ अशी चढण मागितली तर सहसा देतात.

तर ३ आठवड्यांचं काय? दोन्ही चेनना आजच एक सारखंच पत्र पाठवा. त्यात पाच गोष्टी मागा: पीआयपी, सगळ्या फीचा एकत्र तक्ता, तुमच्या १० शहरांतले चालू सभासद किंवा सेल्सची माणसं, क्षेत्र संरक्षणाचा नकाशा, आणि तुमच्याएवढ्याच आकाराच्या, गेल्या ३ वर्षांत ब्रँडखाली आलेल्या ५ हॉटेलांच्या मालकांचे फोन. त्या पाच जणांना एकच प्रश्न विचारा: चेनच्या स्वतःच्या यंत्रणेतून, ओटीए सोडून, किती टक्के रात्री येतात? ओटीएला १५ ते २५ टक्के कमिशन आणि वर चेनला फी, असं दुहेरी भरणारे मालक तुम्हाला भेटतील. ते कोणत्या चेनकडे जास्त आहेत, हे वहीत लिहून ठेवा.

इरादापत्रावर सही करायची वेळ आलीच तर ‘दुसऱ्या कुणाशी बोलणी करणार नाही’ या कलमाची मुदत ३० दिवसांहून जास्त ठेवू नका. आणि त्या पत्रात आलेलं क्षेत्र संरक्षण, फी आणि बाहेर पडण्याची अट मूळ करारात जशीच्या तशी येईल, हे वाक्य तुमच्या वकिलाकडून घालून घ्या. विकासाच्या टीमचा जो माणूस आज तुमच्यासमोर बसला आहे, तो करार झाल्यावर पुढच्या शहरात जातो. नंतर तुमचा संबंध येतो तो ऑपरेशन्सच्या टीमशी, आणि त्यांच्यासमोर फक्त कागद असतो.